ओल्युदेनिझ-फेथिये: हॉटेल साधं घ्या, दिवस बाहेर घालवा

टर्कीचा समुद्र म्हटलं की सगळे अंताल्या नाहीतर बोद्रुम म्हणतात, आणि पॅकेजवाले तर ती मोठमोठी ऑल-इन्क्लुसिव्ह हॉटेलंच पुढे करतात. आम्ही ऑक्टोबरच्या हाफ टर्मला, म्हणजे इथल्या शाळांच्या मधल्या सुट्टीत, ओल्युदेनिझ या टर्कीच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावरच्या गावाला गेलो, मी, नवरा, लेक आणि कराडहून आमच्याकडे यूकेला आलेले आई-बाबा, आणि तेव्हापासून जो विचारेल त्याला मी हेच सांगतेय की समुद्रावरचं एकच ठिकाण करायचं असेल तर हे करा. फक्त हॉटेल साधं घ्या, नुसता नाश्ता मिळणारं, कारण इथे जे बघायचंय, करायचंय ते सगळं हॉटेलच्या बाहेर आहे, आणि तिन्ही वेळच्या जेवणाचे पैसे आधीच भरून ठेवले की माणूस दुपारी बुफेसाठी परत फिरतो, मग बोट राहते, डोंगर राहतो, आणि घरी येऊन सांगतो की स्विमिंग पूल छान होता. पूल तर स्पेनमधेही छान असतात!

जायचं कसं ते पटकन सांगते. लंडनहून दालामान विमानतळ साधारण चार तास, तिथून ओल्युदेनिझ गाडीने तासाभराच्या आसपास. ब्रिटिश पासपोर्टवाल्यांना फिरायला जायला व्हिसा लागत नाही. भारतीय पासपोर्ट असेल आणि त्यावर यूके, अमेरिका, शेंगेन किंवा आयर्लंडचा चालू व्हिसा किंवा रेसिडेन्स परमिट असेल तर ई-व्हिसा मिळतो, आई-बाबांचा तसाच काढला, यूकेच्या व्हिजिटर व्हिसावर. सरकारी साइटवरूनच काढा, तिच्यासारख्याच दिसणाऱ्या आणि जास्तीचे पैसे घेणाऱ्या साइट्स ढिगाने आहेत, आणि बुकिंग करायच्या आधी नियम एकदा बघून घ्या.

आता बीच. दोन वेगळे भाग आहेत आणि लोक त्यात गोंधळ करतात. गावासमोरचा लांबलचक किनारा तो बेल्जेकीझ, तो सगळ्यांना फुकट. आणि त्याच्या टोकाला जमिनीची एक जीभ समुद्रात शिरलीय, तिच्या आतल्या बाजूचं निळं शांत पाणी म्हणजे फोटोत दिसतं ते ब्लू लगून, ते संरक्षित निसर्ग उद्यानात येतं, तिथे तिकीट आहे आणि आरामखुर्ची-छत्रीचे पैसे वेगळे. लहान मुलं असतील, किंवा आईसारखं कोणी पोहता न येणारं असेल तर लगूनचं तिकीट काढाच. पाणी उथळ, लाट जवळजवळ नाही, मोटरबोटींना आत बंदी. आई आयुष्यात पहिल्यांदा समुद्रात कमरेच्या वर पाण्यात उभी राहिली, कुणाचा हात न धरता, आणि बाहेर यायलाच तयार नव्हती. बेल्जेकीझला मात्र चार पावलांत पाणी एकदम खोल होतं, पोहणाऱ्यांना मजा, इतरांनी जपून. आणि वाळू शोधू नका, दोन्हीकडे बहुतेक गोटेच आहेत, अनवाणी चालवत नाही, पाण्यात घालायचे रबरी बूट घरूनच न्या, तिथे मिळतात पण किनाऱ्यावरच्या दुकानातला भाव किनाऱ्यावरचाच असतो.

लगूनला सकाळी लवकर जा. अकरानंतर गर्दी होते, आणि बोटींचे दिवस असले की बाहेरून गाण्यांचा आवाज येत राहतो.

आता ज्यासाठी हे गाव जगभर माहितीय ते पॅराग्लायडिंग. गावाच्या अगदी पाठीशी बाबादाग डोंगर आहे, १,९६९ मीटर, आणि तो थेट समुद्रातून वर आल्यासारखा उभा आहे, म्हणून तर इथली उडी एवढी उंच आणि तरी उतरायचं ते सरळ बीचवर. वर वेगवेगळ्या उंचीवर उड्डाणाच्या जागा आहेत, १,७०० मीटरला, त्याच्याही वर, वारा कुठे बरा आहे ते बघून पायलट ठरवतात. तुम्ही टँडम उडता, म्हणजे पायलट तुमच्या मागे बांधलेला असतो, तुम्हाला काही येत नसलं तरी चालतं, फक्त तो धाव म्हणाला की धावायचं आणि थांबायचं नाही. लोक तिथेच चुकतात, पायाखालची जमीन संपायला लागली की घाबरून खाली बसतात. मी आणि लेक दोघी उडालो. पहिली पाच-सात पावलं भीतीची आणि मग एकदम शांत. खालची लगून आख्खी दिसते, तिचा तो निळा-हिरवा रंग कडेला कसा फिकट होत जातो तेसुद्धा. अर्धा तास तरी हवेत असतो आपण, वाऱ्यावर अवलंबून कमीजास्त. शेवटी पायलट विचारतो गिरक्या घेऊ का, पोटात ढवळणाऱ्यांनी सरळ नको म्हणा, अजिबात आग्रह करत नाहीत. लेकीने घेतल्या. उतरल्यावर ती कितीतरी वेळ काही बोलली नाही आणि मग एकदम म्हणाली, आई परत.

पैशाचं नीट विचारून घ्या. उड्डाणाचा दर वेगळा आणि फोटो-व्हिडिओचा वेगळा असतो, आणि खाली उतरल्यावर तुम्ही खूश असता तेव्हाच तो सांगतात, तेव्हा बुक करतानाच एकूण किती ते ठरवून घ्या. सगळ्यात स्वस्त शोधत बसू नका, विमा आहे का, पायलटचं लायसन्स आहे का हे विचारा, आणि वारा वाईट म्हणून त्यांनी रद्द केलं तर भांडू नका, जो रद्द करतो तोच चांगला ऑपरेटर. म्हणून उड्डाण सुट्टीच्या सुरुवातीच्या दिवसांत ठेवा म्हणजे पुढे ढकलायला जागा राहते.

उडायचं नसेल तरी बाबादागवर जा, हे मी मुद्दाम लिहितेय. २०२१ पासून शेजारच्या ओवाजिक गावाहून टेलिफेरिक म्हणजे केबल कार सुरू आहे, १,२०० आणि १,७०० मीटरला स्टेशनं, त्याच्या वर खुर्चीवाली लिफ्ट. बाबांचा गुडघा दुखतो, तेही आरामात वर आले, चहा घेऊन कठड्याशी बसले आणि एकामागून एक उडणारी माणसं बघत राहिले. उन्हं उतरताना गेलात तर सूर्य समुद्रात जातो तो वरून दिसतो. स्वेटर न्या, खाली पोहत असलात तरी वर गार वारा असतो.

बोटीचं सांगते. दोन प्रकार. ओल्युदेनिझच्या किनाऱ्यावरून सुटणाऱ्या बोटी निळ्या गुहा, फुलपाखरांची दरी, गेमिलेर बेट असं करत फिरतात. जवळच्या फेथिये शहराच्या बंदरातून सुटतात त्या बारा बेटांच्या, त्या खाडीतच फिरतात आणि पाणी शांत असतं. ज्यांना बोट लागते त्यांनी फेथियेची घ्या. आम्ही ओल्युदेनिझची घेतली, सकाळी निघून संध्याकाळी परत, जेवण बोटीवरच, सॅलड, पास्ता, चिकन किंवा मासा, शाकाहारी असाल तर सकाळीच सांगा नाहीतर ताटात पास्ता आणि काकडी एवढंच येतं. पिण्याचे पैसे वेगळे. बुकिंगच्या आधी बोट कशी आहे ते धक्क्यावर जाऊन बघा: काही बोटी समुद्री चाच्यांच्या जहाजाच्या थाटाच्या असतात, फेसाची पार्टी, दिवसभर कर्कश्श गाणी, तरुण पोरांना ठीक आहे, आई-बाबांबरोबर नाही. छोटी बोट, कमी माणसं, थोडे जास्त पैसे, हे शंभर टक्के वसूल होतात.

फुलपाखरांच्या दरीचं, म्हणजे केलेबेकलेर वादीसीचं, एक सांगायलाच हवं. तीन बाजूंना साडेतीनशे मीटरचे उभे कडे, मधे छोटासा किनारा, मागे धबधब्याची वाट. गाडीरस्ता नाही म्हणून बोटीनेच जायचं. वरच्या फाराल्या गावातून एक पायवाट खाली उतरते, दोर लावलेत, पण ती खरोखर धोक्याची आहे, तिथे माणसं पडून गेलीत, चपला घालून इन्स्टासाठी कुणी उतरू नका. वरून बघायला मात्र फाराल्याचा रस्ता फार सुंदर आहे. आणि फुलपाखरं उन्हाळ्यात, जून ते सप्टेंबर. ऑक्टोबरात आम्हाला फारशी दिसली नाहीत, दरी तरीही जावं अशीच.

गेमिलेर बेटावर बोट थांबते तेव्हा निम्मे लोक पाण्यात उड्या मारतात आणि वर जातच नाहीत. वर जा! बायझंटाइन काळातल्या चर्चची पडकी बांधकामं आहेत आणि डोंगरातून वर जाणारी एक छत असलेली वाट, जुन्या काळी यात्रेकरू येत असत. तिकीट आहे. माथ्यावरून दोन्ही बाजूंचा समुद्र दिसतो.

आता ज्याच्यासाठी मी हे सगळं लिहायला बसले ते कायाकोय. शेजारच्या हिसारोन्यू गावापासून अगदी जवळ, डोलमुशने म्हणजे छोट्या बसने जाता येतं. टेकडीच्या उतारावर दगडी घरं, शेकडो, एकालाही छप्पर नाही, दार नाही, खिडक्यांच्या जागी भोकं. हे लेविस्सी, ग्रीक ऑर्थोडॉक्स ख्रिश्चन लोकांचं गाव. पहिलं महायुद्ध, मग ग्रीस-टर्कीचं युद्ध, आणि १९२३ मधे स्वित्झर्लंडमधल्या लोझानला करार झाला की टर्कीतले ऑर्थोडॉक्स ग्रीसला आणि ग्रीसमधले मुसलमान टर्कीला. भाषा कुठली बोलता ते विचारलं नाही, धर्म विचारला. सुमारे बारा लाख माणसं एकीकडून, साडेतीन-चार लाख दुसरीकडून. इथली माणसं गेली ती परत आलीच नाहीत, आणि १९५७ च्या भूकंपाने उरलेलं पाडलं. फेथियेचं जुनं नाव माक्री, तिथून गेलेल्यांनी अथेन्सजवळ नवं गाव वसवलं, नेआ माक्री, ते आजही आहे.

घरं अशी बांधलीत की एकाची सावली दुसऱ्याच्या खिडकीवर पडत नाही. प्रत्येक घरापाशी पाणी साठवायचं टाकं. चुली दिसतात भिंतीत, काही खोल्यांत निळा रंग अजून आहे. दोन मोठी चर्चेस आहेत. बाबा नोकरीच्या सुरुवातीला उल्हासनगरला राहिलेत, कल्याणच्या लष्करी छावण्यांत १९४७ नंतर सिंधी निर्वासित कसे राहिले ते त्यांनी तिथल्या शेजाऱ्यांच्या तोंडून ऐकलेलं, ते एका पडक्या घराच्या उंबऱ्यावर बसले आणि लेकीला ते सगळं सांगायला लागले, की जी माणसं आली ती आपण बघितली, पण त्यांनी मागे सोडलेली घरं आपण कधी बघितली नाहीत. लेकीच्या शाळेत फाळणी एका पानात उरकलीय. त्या दिवशी तिने जेवढे प्रश्न विचारले तेवढे मी तिला कधी विचारताना बघितलं नव्हतं.

तेव्हा कायाकोयला टूरच्या बसमधून पाऊण तासासाठी जाऊ नका. सकाळी जा, पायात बूट घाला, पाणी न्या, वरच्या छोट्या देवळापर्यंत, म्हणजे चॅपेलपर्यंत, चढा. ज्यांच्यात दम आहे त्यांनी तिथून ओल्युदेनिझला चालत उतरा, दगडांवर खुणा रंगवलेल्या आहेत, दोन-तीन तास लागतात, पाइनच्या जंगलातून, आणि शेवटी लगून एकदम समोर येते. मी आणि लेक चालत गेलो, बाकीचे गाडीने. चालायची आवड असेल तर माहीत असू दे की लिशियन वे नावाची लांब पल्ल्याची वाटही इथूनच, ओवाजिकपासून सुरू होते, केट क्लो या इंग्लिश बाईंनी १९९९ मधे खुणा करून खुली केली, पाचशे किलोमीटरच्या वर आहे. फाराल्यापर्यंतचा पहिला तुकडा एका दिवसात होतो.

साकलीकेंट घळ. फेथियेपासून साधारण पन्नास किलोमीटर, डोलमुश जाते. १८ किलोमीटर लांब, काही ठिकाणी ३०० मीटर खोल, आत थोडाच भाग चालण्यासारखा. आधी कड्याला लावलेला लाकडी पूल, मग पाण्यात उतरायचं. पाणी बर्फाचं आहे हो, शब्दशः, वरच्या डोंगरातला बर्फ वितळून येतं, भर ऑक्टोबरात पाय बधिर झाले. वसंतात पाणी जोरात असतं तेव्हा पुढे जाऊ देत नाहीत. आई-बाबा पुलावर आले आणि मग बाहेर पाण्यावर बांधलेल्या मचाणांवर गाद्या-उशा टाकलेल्या असतात तिथे बसून राहिले, खालून पाणी वाहतंय, समोर गोझलेमे म्हणजे भरलेली पोळी आणि चहा. वयस्कर माणसांना न्यायचं की नाही असं विचारत असाल तर न्या, त्यांची जागा हीच आहे.

डोलमुशबद्दल. ही छोटी बस, रस्त्यात हात दाखवा, थांबते. बाबा पहिल्याच दिवशी म्हणाले, अरे ही तर आपली वडाप! ओल्युदेनिझ-हिसारोन्यू-ओवाजिक-फेथिये अशी दिवसभर धावते, सीझनमधे फार वाट बघावी लागत नाही. उतरायचं असलं की ‘इनेजेक वार’ असं मोठ्याने म्हणायचं. लेक हे एवढ्या खणखणीत आवाजात म्हणायची की ड्रायव्हरकाका मागे वळून हसायचे. जवळ सुट्टे लिरा ठेवा. टॅक्सीवर घालवायचे पैसे वाचवा, बोटीवर घाला.

फेथियेला मंगळवारी जा, आठवड्याचा बाजार असतो. ऑलिव्हचे डोंगर, अंजीर, चीज, मसाले, आणि गोझलेमे लाटणाऱ्या बायका, पातळ पोळी लाटून आत पालक-चीज भरून तव्यावर भाजतात, आई त्यांच्या लाटण्याकडे बघत उभी राहिली, लांब काठीएवढं बारीक लाटणं, आणि दोघींनी एकमेकींची भाषा न येता बराच वेळ गप्पा मारल्या. मुगला जिल्ह्याचा पाइनचा मध प्रसिद्ध आहे, गडद, कमी गोड, तो इथूनच घ्या. ब्रँडेड कपड्यांच्या नकला विकणाऱ्या रांगेत वेळ घालवू नका.

बाजारानंतर चढून आमिंतासच्या थडग्यापर्यंत जा, कड्यात कोरलेलं, समोर देवळाचे खांब, इसवीसनपूर्व चौथ्या शतकातलं. ऊन डोक्यावर यायच्या आधी. आणि छोटंसं म्युझियम चुकवू नका, तिथे लेतोऊन या प्राचीन देवस्थानात १९७३ साली सापडलेला तीन भाषांतला शिलालेख आहे, लिशियन म्हणजे या भागातली प्राचीन भाषा, ग्रीक आणि अरामाइक, त्याच्यामुळे लिशियन भाषा समजायला खूप मदत झाली. कुणी बघतच नाही, आम्ही गेलो तेव्हा दालनात आम्हीच होतो.

मासळी बाजारातलं जेवण हा माझा सगळ्यात आवडता भाग. मधे मासळीवाले, भोवती रेस्टॉरंटं. तुम्ही मासा निवडायचा, वजन करून पैसे द्यायचे, मग कुठल्याही रेस्टॉरंटला द्यायचा, ते भाजून देतात, त्याचे वेगळे पैसे, सोबत सॅलड-ब्रेड. आमच्या घरात मासे बघून घ्यायचं काम आईचं, तिने कल्ले उघडून बघितले, डोळे बघितले, तो विक्रेता खूश, त्याने स्वतःहून बर्फाखालचा ताजा काढून दिला. मसाला नाही काही, मीठ, लिंबू, ऑलिव्ह तेल. बाबांना तिखट हवं होतं, लाल मिरचीचे फ्लेक्स मागा, पुल बिबेर म्हणतात, सगळीकडे मिळतात.

शाकाहारी लोकांचं छान भागतं, उगाच घाबरू नका. मसूर डाळीचं सूप, त्यात लिंबू पिळायचं, वांग्याचे कितीतरी प्रकार, द्राक्षाच्या पानातली डोलमा, ऑलिव्ह तेलात शिजवून गार वाढलेल्या भाज्या, ताजी पिडे म्हणजे भट्टीतली रोटी. फक्त सूप मांसाच्या पाण्यात केलंय का आणि डोलम्यात खिमा आहे का हे विचारा, ‘एत्सिझ’ म्हणजे बिनमांसाचं. आणि नाश्ता! ऑलिव्ह, पांढरं चीज, काकडी-टोमॅटो, मध आणि कायमाक म्हणजे जाड साय, टोमॅटो-मिरचीत शिजवलेली अंडी, चहाचे छोटे ग्लास एकामागून एक. कायाकोयच्या आसपास झाडाखाली असा नाश्ता मिळतो, तो केलात तर दुपारचं जेवण नको वाटेल. हिसारोन्यूच्या मुख्य रस्त्यावर इंग्लिश ब्रेकफास्ट आणि फुटबॉलचे स्क्रीन, एवढ्या लांब येऊन तिथे बसायचं कशाला.

हमाम कराच. हॉटेलातल्या स्पापेक्षा गावातला जुना बघा. पंचा गुंडाळून गरम संगमरवरी चौथऱ्यावर पडायचं, मग खरखरीत हातमोज्याने घासतात, मग साबणाचा फेस. बायकांसाठी वेगळी वेळ आहे का, घासणारी बाई असेल का हे आधी विचारा. पॅराग्लायडिंगच्या दुसऱ्या दिवशी केलं तर दुखरे खांदे मोकळे होतात.

जीप सफारी आम्ही मुद्दाम टाळली, दिवसभर धूळ आणि पाण्याचे फवारे, आणि थांबे तेच जे डोलमुशने स्वतःच्या वेळेत होतात. दालयान गावची चिखल-आंघोळ मात्र मुलांना आवडते, आणि तिथला इझतुझू किनारा कासवांसाठी राखलेला आहे, ऐंशीच्या दशकात तिथे मोठं हॉटेल येणार होतं ते लोकांनी विरोध करून थांबवलं, १९८८ मधे तो भाग संरक्षित जाहीर झाला. रात्री किनारा बंद असतो, कासवांच्या अंड्यांसाठी, नियम पाळा, आणि घरट्यांवर पिंजरे लावलेले असतात त्यांच्या जवळ छत्र्या खुपसू नका.

पैशाचं शेवटचं. बोर्डावर पाउंड-युरोत भाव असला तरी लिरात किती ते विचारा आणि लिरातच द्या. एटीएमने ‘आम्ही पाउंडात बदलून देऊ का’ असं विचारलं की नको म्हणा, त्यांचा दर नेहमी महाग पडतो. महागाईमुळे भाव सारखे बदलतात, म्हणून मी इथे आकडे देत नाहीये, गेल्या वर्षीचे आकडे बघून बजेट करू नका.

महिना म्हणाल तर मे अखेर ते जून मध्य, नाहीतर सप्टेंबर-ऑक्टोबर. जुलै-ऑगस्टला ऊन पस्तीसच्या वर जातं, कायाकोय चढवत नाही. शाळांमुळे अडकला असाल तर ऑक्टोबरची हाफ टर्म घ्या, पाणी कोमट असतं, बोटी महिनाअखेरपर्यंत असतात, पण एखाद दिवस पावसाचा धरून चाला आणि उड्डाण, बोट ही कामं पहिल्या दिवसांतच उरका.